देहासह उठण्याची आशा

नागपुरात आमच्यासारख्या ख्रिस्ती घरी सांत्वनाला येणारे शेजारी बहुधा म्हणतात, "देह गेला, आत्मा तर अमर आहे." त्या शब्दांमागची माया मला कळते, पण ख्रिस्ती आशा एवढ्यावर थांबत नाही, असे मी मनापासून मानतो. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल ठामपणे सांगतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल, तर आपला विश्वास व्यर्थ आहे, आणि तो उठला आहे म्हणूनच जमिनीत पेरलेला दाणा जसा नवे रूप घेऊन उगवतो तसा आपला नाशवंत देहही अविनाशी होऊन उठेल. म्हणजे देह हा टाकून देण्याचा वेष नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि शिष्यांसमोर त्याने भाजलेला मासा खाल्ला.

ज्यांच्या नावाने आपल्या शहरात हिस्लॉप कॉलेज उभे आहे, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. अशा अवचित मृत्यूपुढे या आशेचा खरा कस लागतो. ती शोकाला मनाई करत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी, त्याला मेलेल्यांतून उठवण्यापूर्वी, येशू स्वतः रडला. लाजर मात्र जुन्या, मर्त्य आयुष्यात परतला होता. आम्ही वाट पाहतो ती ख्रिस्ताला मिळालेल्या त्या जीवनाची, ज्यावर मरणाची सत्ता पुन्हा चालत नाही.