ओली लांबी

जानेवारीत वेण्णा तळ्याकाठी हिमकण पडले की पेपरात फोटो येतो. गाडीच्या टपावर, बोटींच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर पांढरा थर. वेधशाळा वर गावात, उंचावर. तिच्याकडं ९-१० अंशांची नोंद असते त्याच पहाटे तळ्याच्या खोलगटात गवत कडक झालेलं असतं, कारण गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उतारानं खाली येऊन साठते. त्या खोलगटात काही माणसं बारा महिने राहतात. त्यातल्या एका घराचं काम मी गेल्या हिवाळ्यात केलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

मी वाईचा सुतार. वडीलही हेच करायचे. जुन्या घरांची दारं-खिडक्या हे आमचं मुख्य काम, आणि पसरणी घाट चढून वर पाचगणी-महाबळेश्वरला जाणं नेहमीचं.

घर लिंगमळ्याच्या बाजूचं, इंग्रजी अमदानीतलं. जांभ्याच्या दोन फुटी भिंती, मंगलोरी कौलं, त्यांच्याखाली सागाची तक्तपोशी म्हणजे फळ्यांचं छत, दिवाणखान्यात फायरप्लेस. राहणारे दोघंच, सर आणि बाई. दोघं निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या पुढचे. सर मला पहिल्या दिवशी म्हणाले, "मिस्त्री, दोन हीटर लावतो तरी पाय गार. एक हीटर तासाला दोन युनिट खातो, आणि ऊब राहते कुठं?"

ऊब कुठं राहत नाही हे मी त्यांना उदबत्ती लावून दाखवलं. पंखा बंद, दारं बंद, आणि पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर तिथं फट नाही. आडवा पळाला तर आहे, आणि किती पळतो त्यावरून फट किती मोठी ते कळतं. त्या घरात उंबऱ्यापाशी धूर आत वळत होता आणि तक्तपोशीच्या सांध्यांत वर ओढला जात होता. लोक दाराखाली पायपुसणं कोंबतात आणि वर बघत नाहीत. ऊब वरनं निघून जाते, तिची जागा भरायला गार हवा खालनं येते. वरचं तसंच ठेवून खालचं बुजवलं की हवा दुसरी फट शोधते. म्हणून मी कायम वरून सुरुवात करतो. माळ्यावर चढून तक्तपोशीच्या फळ्यांच्या सांध्यांत सागाच्या बारीक पट्ट्या ठोकल्या, माळ्याच्या झाकणाला कडेनं नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, लावला. तेवढ्यानंच बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की रात्री कानाला वारा लागला नाही.

मग खिडक्या. महाबळेश्वरला पावसाळ्यात ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वी लोक पावसाआधी कुळंबाच्या गवताच्या झड्या बांधून अख्खं घर झाकायचे. त्या ओलीत लाकूड फुगतं आणि जानेवारीत आटतं. जानेवारीत चपखल बसवलेलं झडप जुलैत उघडणार नाही. म्हणून दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडावीच लागते, आणि हिवाळ्यात वारा शिरतो तो त्याच दोन सुतांतून. हल्ली पोरं येतात, डब्यातला फोम फवारतात आणि तासाभरात पैसे घेऊन जातात. पावसाळ्यात तेच झडप अडकतं, जोर लावला की चौकट उकलते. शंभर वर्षांचा साग असा फुटलेला मी किती ठिकाणी बघितलाय, प्रत्येक वेळी जीव तुटतो. फटीत दबणारी वस्तू हवी. मी चौकटीच्या खाचेत नमद्याची पट्टी चिकटवतो. हिवाळ्यात ती फुललेली राहते, पावसाळ्यात दबते. दाराच्या खाली ब्रशची पट्टी, म्हणजे फरशी वरखाली असली तरी केस जमिनीला टेकतात.

तावदानांची लांबी, म्हणजे काच चौकटीत धरून ठेवणारा लगदा, सगळीकडं सुटलेली होती, काचा वाऱ्यानं वाजायच्या. दुकानातली तयार लांबी मी वापरत नाही. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल तळहातावर मळून घेतो, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. ती वाळायला वेळ लागतो, थंडीत तर आठवडे. पण वाळली की दगड होते. अशी अकरा तावदानं मी आणि माझ्या भाच्यानं बसवली.

राहिली फायरप्लेस. तिच्या धुराड्यातून रात्री जो वारा उतरायचा तो खोलीतल्या सगळ्या फटींच्या वाऱ्याएवढा होता. सरांनी ती कित्येक वर्षांत पेटवली नव्हती. मी धुराड्याच्या तोंडाला बिजागरीचं झापड केलं, आतून नमदा, बाहेरून कडी. इतकं नेमकं बसलं की उदबत्तीचा धूर त्याच्यापाशी हललासुद्धा नाही. ते झापड माझ्या हातचं त्या घरातलं सगळ्यात चांगलं काम आहे.

इतकं बंद केल्यावर हवेला वाट ठेवावी लागते. वडील ती आधी करायचे, भिंतीत झरोका पाडूनच बाकीच्या कामाला हात लावायचे. मी दोन जाळ्या ठरवल्या होत्या, एक खाली आणि एक वर. जाळ्या वाईत फॅब्रिकेटरकडं टाकल्या होत्या. तो दोन दिवस म्हणाला आणि सहा दिवस लावले. मी थांबायला हवं होतं. झापड शेवटी बसवायला हवं होतं. पण थंडी वाढली होती, बाई खोकत होत्या, आणि सर म्हणाले, "एवढं धुराडं तरी बंद करून जा." मी करून गेलो.

जाताना मी सरांना म्हणालो, की आता आत शेगडी किंवा लाकूड काही पेटवू नका. म्हणालो असं मला आठवतं. सर तेव्हा दारात उभे होते आणि त्यांच्या हातात फोन होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी जाळ्या घेऊन पोचलो. फाटकाला दुधाची पिशवी तशीच अडकवलेली. सर सहाला उठणारे. कडी वाजवली, हाका मारल्या. दाराला खांदा लावला तर दार हलेना. दोन दिवसांपूर्वी मीच ते सरळ केलं होतं, कुठं पटाशीचं टोक जाईल एवढीही जागा ठेवली नव्हती. खिडकीच्या काचेला आतून दव धरलेलं, काही दिसेना. बाकी खिडक्यांना बाहेरून गज, फक्त दाराशेजारच्या अरुंद झडपाला नव्हते. तिथलं तावदान मी आदल्या दिवशी दुपारी बसवलं होतं. लांबी ओली होती. पटाशीनं चार बाजूंच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपसल्या, अंगठ्यानं लांबी ओढून काढली आणि काच अख्खी हातात आली. आत हात घालून दाराची कडी काढली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. जुनी वाळलेली लांबी असती तर काच फोडावी लागली असती. काच फोडून गेलो असतो तरी तेवढाच वेळ लागला असता म्हणा. तरी मला ती ओली लांबीच आठवते.

आत धूर नव्हता. वासही नव्हता. देवापुढची समई जळत होती. हे मी मुद्दाम सांगतोय. विहिरीत उतरताना आमच्याकडं कंदील खाली सोडून बघतात, विझला तर हवा वाईट. समई जळतेय म्हणजे हवा ठीक, असं माझ्याही मनात क्षणभर आलं. पलंगापाशी लोखंडी शेगडी होती, कोळशावर राख धरलेली. सर पलंगावर, हाक मारली की नुसते हुं करत होते. बाई मोरीच्या दारात पालथ्या, डोकं मोरीत. मोरीला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी होती. ती मी अजून घेतली नव्हती, तिच्यातून वारा येत होता.

पुढची-मागची दारं उघडली, झापडाची कडी काढली, शेजारच्या बंगल्यावर राखण करणाऱ्या मामांना हाक मारली आणि १०८ला फोन केला. आम्ही दोघांनी सरांना गादीसकट व्हरांड्यात आणलं, मग बाईंना. मामांची सून करोनातलं बोटाला लावायचं यंत्र घेऊन आली. आकडा आला ९८. "ऑक्सिजन चांगलाय की," मामा म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. तो आकडा खोटा असतो हे मला नंतर कळलं. कोळशाचा तो वायू, कार्बन मोनॉक्साइड, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि ते यंत्र त्या दोघांतला फरक ओळखू शकत नाही. रक्त लाल दिसलं की ते भरपूर ऑक्सिजन दाखवतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनंही तो आकडा बघितला आणि प्रेशर, साखर, अटॅक अशी विचारपूस सुरू केली. त्याला मी दोष देत नाही, रात्रभर जागा होता. "घरात काही पेटवलं होतं का?" हे विचारलं ते एका वयस्कर सिस्टरनं. मी शेगडीचं सांगितल्यावर तिनं कुणाची वाट न बघता दोघांना मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला. साध्या हवेत तो वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. मग केळघर घाटातून दोघांना साताऱ्याला हलवलं.

दोघं वाचले. बाईंनी नंतर सांगितलं ते असं. साडेदहाला लाईट गेली, हीटर बंद पडला. सरांनी व्हरांड्यात शेगडी पेटवली, धूर पूर्ण जाऊन कोळसे लाल होईपर्यंत बाहेर ठेवली आणि मगच आत आणली. धूर गेला की धोका गेला असं सगळ्यांनाच वाटतं. याच घरात त्यांनी वीस वर्षं अशीच शेगडी आत आणली होती आणि कधी काही झालं नव्हतं. तेव्हा तक्तपोशी फुटकी होती, धुराडं उघडं होतं. रात्री तीनला बाईंचं डोकं फुटायला आलं, मळमळलं. पित्त समजून त्या मोरीकडं निघाल्या आणि दारात पडल्या.

भाचा म्हणतो, "मामा, तू सांगितलं होतंस, मी ऐकलंय." भाचा माझा आहे, तो असंच म्हणणार. सरांना विचारायची सोय नाही. त्या आठवड्यातलं त्यांना काही आठवत नाही, आणि महिनाभर तर बाईंचं नावसुद्धा मध्येच अडायचं. वहीवर नुसती सही करायला त्यांना वेळ लागत होता. बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट साताऱ्याहून आल्यावर पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते राहिलेल्या मजुरीचं. मी घेतली नाही. मग त्यांनी भाच्याच्या खिशात घातली.

जाळ्या मी त्याच आठवड्यात बसवल्या होत्या. फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा खालच्या जाळीत जुन्या साडीचा बोळा होता. बाई ओशाळल्या. "थेट पायावर येतं हो गार," म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. पलंग जाळीच्या सरळ समोर होता, आणि हे मी जाळी पाडताना बघायला हवं होतं. बोळा काढला, जाळीच्या आतल्या बाजूला सागाची एक तिरपी फळी बसवली, कडांना दोन गालफडं. आता आलेली हवा वर चढते, छताजवळच्या उबेत मिसळते आणि मग खाली येते. उदबत्ती लावून पलंगापाशी धरली, धूर सरळ राहिला. बाईंनाही धरून बघायला सांगितली. त्या वायूवर वाजणारी बॅटरीची घंटा वाईत मिळाली नाही, ऑनलाइन मागवून पलंगाच्या वर लावली आणि तिचं बटण दाबून दोघांना आवाज ऐकवला.

निघताना दाराशेजारच्या त्या तावदानाला हात लावून बघितला. नवी लांबी वरून धरली होती, आत अजून मऊ होती.