सोलापूरच्या उन्हात छोटा रीफ टँक: मे महिन्यापासून मागे मोजत

रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा म्हटलं की बहुतेक जण आधी मासा पसंत करतात, मग काच घेतात आणि उन्हाळ्याचा विचार एप्रिल उजाडल्यावर करतात. सोलापुरात हा क्रम उलटा ठेवावा लागतो. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि कोरलला हवं असतं २५ ते २७ अंशांचं पाणी. पाणी तापेल तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. तीसच्या वर काही दिवस राहिलं, की कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडत जातं. त्यामुळे जागा, आकार आणि मुहूर्त या तिन्ही गोष्टी मे डोळ्यासमोर ठेवून ठरवायच्या.

जागा तळमजल्यावरची, ऊन न येणाऱ्या भिंतीशी. वरच्या मजल्यावरची गच्चीखालची खोली टाळाच, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याच्या खोलीत रीफ टँक लावूच नये.

आकार २ बाय दीड बाय दीड फूट घ्या. टेबलावरचे तीस लिटरचे नॅनो टँक दिसायला गोंडस असतात, पण पाणी कमी म्हणजे तापमान आणि क्षारता दोन्ही झपाट्यानं हलतात, आणि ते आवरायला अनुभव लागतो. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता साधारण शंभर लिटर पाणी राहतं. काच १० मिलिमीटरची घ्या. भरल्यावर वजन दीडशे किलोच्या वर जातं, म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड करा, त्याला इपॉक्सी रंग द्या, पाणसळ लावून सपाटी बघा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला. साध्या प्लायचं कपाट खाऱ्या ओलीनं वर्षभरात फुगतं. जुना टँक स्वस्तात मिळत असेल तर त्यात माशांसाठी तांब्याचं औषध कधी घातलं होतं का, हे आधी विचारा. तांब्याचा अंश दगड-वाळूत आणि सिलिकॉनमध्ये मुरून राहू शकतो आणि कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना तो अगदी थोडासुद्धा सोसत नाही. याच कारणासाठी या टँकचं पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी घागरीत कधीही भरायचं नाही.

आता थंडावा. आपल्या कोरड्या हवेचा इथे मोठा फायदा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे वारा मारणारे १२ व्होल्टचे दोन चार-इंची पंखे लावले, तर बाष्पीभवनामुळे पाणी दोन ते चार अंश उतरतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता निघून जाते. मुंबईच्या दमट हवेत तेच पंखे बरेच कमी पडतात. टँकवर काचेचं झाकण नको, बारीक जाळी ठेवा. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहेत त्यांना तर जाळी हवीच, कारण सुताची बारीक धूळ पाण्यावर बसून साय धरते आणि हवेची देवाणघेवाण अडते.

पण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. उन्हाळ्यात पंख्याखाली रोज तीन लिटर पाणी सहज उडतं. शंभर लिटरमागे तीन लिटर गेलं, की क्षारता ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३६ वर जाते आणि दुसऱ्या दिवशी ३७. म्हणून फ्लोट सेन्सरचं ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं यंत्र) आणि शेजारी वीस लिटरचा कॅन ठेवा. कॅनमध्ये गोडं आरओ पाणीच असलं पाहिजे. खारं पाणी भरून ठेवण्याची चूक नेहमी होते, आणि ती लक्षात येते तेव्हा क्षारता चाळिशीला टेकलेली असते.

दुपारी खोलीच चाळीसला जात असेल तर एक दशांश एचपीचा चिलर लागेल. तो पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो, त्यामुळे बंद कपाटात कोंडला तर स्वतःच तापतो. खोलीत पाण्यावर चालणारा एअर कूलर असेल तर चालतो, पण त्यात सुगंधी द्रव घालू नका. डासांची कॉइल, लिक्विड आणि झुरळांचा स्प्रे टँकच्या खोलीत पूर्ण बंद. त्यातलं कीटकनाशक कोळंबी आणि खेकड्यांना आधी मारतं.

पाण्याबद्दल तडजोड नको. नळाचं किंवा बोअरचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यातले क्षार, नायट्रेट आणि फॉस्फेट थेट शेवाळाला खतपाणी घालतात. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषणारा) एक फिल्टर जोडा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य येऊ द्या. घरातल्या प्यायच्या आरओमध्ये बहुधा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. जोडणी त्याच्या आधी, थेट मेम्ब्रेनमधून घ्यायची. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, तिथे ते गटारात सोडणं बरं नव्हे. फरशी आणि संडास-बाथरूमसाठी ते साठवा.

मीठ रीफ सॉल्टच हवं. खायचं मीठ किंवा सैंधव मुख्यतः सोडियम क्लोराईड असतं, त्यात कोरलला लागणारं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हवं त्या प्रमाणात नसतं. लिटरला सुमारे ३७ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला ३.७ किलो. आधी ड्रममध्ये पाणी आणि चालू पंप, मग मूठमूठ मीठ. मिठावर पाणी ओतलं तर दाट द्रावणात कॅल्शियम साक्यासारखं खाली बसतं आणि मग विरघळत नाही. रात्रभर फिरू द्या. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि त्याचं कॅलिब्रेशन ३५ पीपीटीच्या द्रावणानं करा. नुसत्या आरओ पाण्यानं शून्य जुळवलं तर ३५ ला तो चुकीचं दाखवू शकतो.

आत दहा किलो कोरडा सच्छिद्र दगड, तीन सेंटिमीटर अरॅगोनाईट वाळू आणि ताशी तीनेक हजार लिटरचा वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह खेळवणारा पंप) पुरतो. दगड वाळूवर ठेवू नका. आधी काचेवर टेकवा, मग भोवती वाळू घाला, नाहीतर वाळू उकरणारा मासा दगडांची रास ढासळवेल. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू आधी वाढायला हवेत. म्हणून आता मासा न घालता अमोनियम क्लोराईडनं अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या, बाटलीतले जिवाणू सोडा आणि थांबा. अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा २ पीपीएम घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राईटही शून्य दिसलं, की टँक तयार. त्याच सुमारास काचेवर तपकिरी पावडर येते. ते डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतात आणि बहुधा आपोआप जातात. त्यांना घाबरून औषध ओतू नका. चार-पाच गोगलगायी सोडा.

मासे दोन क्लाउनफिश आणि एक छोटा गोबी, बस्स. क्लाउनफिश हॅचरीतले मागा. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं (सीएमएफआरआय) त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. डॅमसेल मासे स्वस्त असतात, पण मोठे झाले की दुसऱ्याला जगू देत नाहीत.

मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं आणलेली पिशवी सकाळी उघडताना घाई-गफलत होते. आठ-दहा तासांत मासा पिशवीत अमोनिया सोडतो. पण त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडनं पीएच उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया मासा जाळतो. तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसणं इथे घातक ठरतं. दुकानाची क्षारता आधीच विचारा आणि एका वेगळ्या बादली-टँकमध्ये तेवढ्याच क्षारतेचं पाणी तयार ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग फाडून मासा जाळीनं उचला आणि सोडा. पिशवीतलं पाणी टाकून द्या. दोन-तीन आठवडे मासा तिथेच राहू द्या आणि क्षारता हळूहळू टँकच्या बरोबरीला आणा.

वीज गेली की पहिली अडचण ऑक्सिजनची. वळवाच्या पावसात वारा सुटतो, वीज जाते, हवा दमट होते आणि पंखेही थांबतात, सगळं एकदमच. १२ व्होल्टचा, दहा वॅटचा वेव्हमेकर ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर पाच-सहा तास चालतो. तेवढी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जात नाही.

मुहूर्त मृगाचा पाऊस पडल्यानंतरचा. जूनअखेर पाणी भरा, ऑगस्टमध्ये गोगलगायी, सप्टेंबरात मासे. दिवाळीआधी घराला रंग द्यायचा असेल तर रंग वाळल्यावरच कोरल आणा. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे घर गार पडतं, तेव्हा १०० वॅटचा हीटर २५ वर लावून ठेवा. मार्च लागेल तेव्हा टँक आठ-नऊ महिन्यांचा झालेला असतो आणि मग तो उन्हाळा सोसतो.

कोरल घेताना कायदा लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. ‘समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. टँकमध्ये वाढवलेल्या मशरूम, लेदर आणि झोअँथिड या कोरलांनीच सुरुवात करा. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि तसा दगड कधीही उकळू नये. मशरूम खाली सावलीत, लेदर मधल्या उंचीवर आणि मध्यम प्रवाहात. स्टार पॉलिप हे झपाट्यानं पसरणारं कोरल वाळूत एकट्या दगडावर ठेवा, नाहीतर वर्षात सगळा दगड त्याचाच होतो. निळा-पांढरा एलईडी पहिले दोन आठवडे निम्म्या तेजावर, रोज आठ तास. क्षारता ३५, अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच टिकवून धरण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच, आणि दर रविवारी दहा लिटर पाणी बदला.