तुम्ही विचारलंत म्हणून: सोमच्या लढाईत जिंकले कोण?

पहिल्या महायुद्धाविषयी मी अधूनमधून लिहितो आणि बोलतो, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. 1916 सालच्या सोमच्या लढाईवर इतकी पुस्तके निघाली, तरी ती लढाई ब्रिटिश जिंकले की हरले, एवढे साधे उत्तर त्यांतून का मिळत नाही? प्रश्न रास्त आहे. पानिपतावर कोण हरले याबद्दल आपल्याकडे दुमत नाही. वाद असतो तो कारणांचा. सोमच्या बाबतीत मात्र निकालच वादात आहे, आणि माझ्या मते याचे कारण रणांगणाइतकेच पुस्तकांच्या रचनेतही आहे. लेखक आपली कथा कोणत्या तारखेला सुरू करतो आणि कोणत्या तारखेला थांबवतो, यावर त्याचा निकाल बराचसा ठरून जातो.

खंदकयुद्धातली लढाई सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला निकाली निघत नाही. उत्तर फ्रान्समधल्या सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने जर्मनांविरुद्ध 1 जुलैला सुरू केलेली ही लढाई 18 नोव्हेंबरला थांबली. या 141 दिवसांत आघाडी जास्तीत जास्त दहाएक किलोमीटर पुढे सरकली. ना कोणता मोठा किल्ला पडला, ना कोणत्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली. त्यामुळे सुरुवात, मध्य आणि शेवट लेखकालाच ठरवावे लागतात.

बहुसंख्य वाचकांच्या मनात या 141 दिवसांपैकी एकच दिवस शिल्लक आहे, तो पहिला. त्या दिवशी ब्रिटिश सैन्यातले 57,470 जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांतले 19,240 मृत होते. आधी आठवडाभर तोफखान्याने पंधरा लाखांच्या आसपास गोळे डागले होते, तरी बऱ्याच ठिकाणी काटेरी तारा शाबूत राहिल्या आणि खडूच्या दगडात खोल खणलेल्या भुयारांत जर्मन मशीनगनवाले तग धरून राहिले. ही हकीकत घरोघर पोहोचवली ती मार्टिन मिडलब्रुक यांच्या 1971 सालच्या पुस्तकाने. मिडलब्रुक हे प्राध्यापक नव्हते की पेशाने सेनाधिकारी नव्हते. लिंकनशायरमध्ये त्यांचा कोंबड्या पाळण्याचा व्यवसाय होता. रणभूमीवरची स्मशाने पाहून ते अस्वस्थ झाले आणि हयात असलेल्या शेकडो सैनिकांना गाठून त्यांनी त्यांच्या आठवणी जमवल्या. दहा माणसांचा माग घेत उलगडणारा तो एक दिवस आजही वाचताना अंगावर येतो, आणि या विषयावर कोणी एकच पुस्तक मागितले तर मी बहुधा तेच हातात ठेवतो. मात्र पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात पराभवाचाच ठसा उरतो, हेही सांगून ठेवतो. त्याच दिवशी आघाडीच्या दक्षिण टोकाला ब्रिटिशांनी मोंतोबाँ आणि मामेट्झ ही गावे जिंकली आणि शेजारच्या फ्रेंच सैन्याने आपली जवळजवळ सगळी उद्दिष्टे गाठली, हा भाग सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

याच दिवसाविषयीची एक समजूत पुस्तकांमधून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली: पाठीवर जड ओझी घेतलेले सैनिक रांगा धरून संथ पावलांनी मशीनगनच्या तोंडी चालत गेले. रॉबिन प्रायर आणि ट्रेव्हर विल्सन या दोन इतिहासकारांनी 2005 साली पहिल्या हल्ल्यातल्या बटालियनींचे, म्हणजे पायदळाच्या पलटणींचे, कागद एकेक करून तपासले आणि वेगळेच चित्र मांडले. निम्म्याहून अधिक बटालियनी हल्ल्याच्या वेळेआधीच पुढे सरकून जर्मन तारांच्या जवळ पोहोचल्या होत्या, आणि संथ चालत गेलेल्या मोजक्याच होत्या. संहाराचे मुख्य कारण पायदळाची चाल नसून तोफखान्याचे अपुरे काम होते. सगळा दोष सेनापतींच्या मूर्खपणावर टाकणाऱ्या कथेला ही मांडणी अर्थातच गैरसोयीची ठरते.

असे तपासणे शक्य होते ते प्रत्येक बटालियनला ठेवाव्या लागणाऱ्या युद्धरोजनिशीमुळे. सी 2118 क्रमांकाच्या छापील फॉर्मवर ठिकाण, तारीख, वेळ, घटनांचा सारांश आणि शेरा असे रकाने असत, आणि अधिकारी बहुधा पेन्सिलीने ते भरीत. हे फॉर्म आज लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मोठ्या हल्ल्याच्या दिवशीची नोंद पुष्कळदा दोन ओळींची असते, कारण लिहिणारा मारला गेलेला असतो आणि मागाहून दुसऱ्याच कोणीतरी ऐकीव माहितीवरून रकाना भरलेला असतो. ज्या तासाबद्दल सर्वाधिक जाणून घ्यावेसे वाटते, त्याच तासाचा कागद सर्वांत कोरा सापडतो.

आकड्यांचे प्रकरण तर याहून बिकट आहे. ब्रिटिश साम्राज्याची हानी सुमारे 4 लाख 20 हजार आणि फ्रेंचांची सुमारे 2 लाख, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो जर्मनांच्या हानीचा. ब्रिटिशांच्या अधिकृत इतिहासाचे प्रमुख जेम्स एडमंड्स यांचे म्हणणे असे की, जर्मन याद्यांत किरकोळ जखमी धरलेले नसत, म्हणून त्या आकड्यांत सुमारे 30 टक्क्यांची भर घातली पाहिजे. तशी भर घालून जर्मन हानी 6 लाख 80 हजारांच्या घरात जाते आणि दोस्तांच्या, म्हणजे ब्रिटिश-फ्रेंचांच्या, एकत्रित हानीला मागे टाकते. न घातल्यास हिशेब उलटा होतो. पुढच्या संशोधकांनी या भरीवर कडक टीका केली आहे आणि मला ती पटते. तिकडे पॉट्सडॅम येथील प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, सैन्याचे दप्तर 1945 सालच्या बॉम्बहल्ल्यात जळाले, त्यामुळे जर्मन बाजू मांडणाऱ्या जॅक शेल्डन यांच्यासारख्या लेखकांना म्युनिक आणि श्टुटगार्टच्या दप्तरांवर आणि रेजिमेंटांनी छापलेल्या इतिहासांवर भिस्त ठेवावी लागली.

प्रत्येक देशाने आपापले पान वेगळे काढून ठेवले आहे. तेव्हा कॅनडापासून वेगळ्या असलेल्या न्यूफाउंडलंडच्या लेखी सोम म्हणजे बोमाँ-हामेल गावापाशी 1 जुलैला घडलेला अर्धा तास: सुमारे 800 जण पुढे गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला 68 उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात पोझिएर हे एकच गाव शेकडो पाने व्यापते. फ्रेंचांच्या स्मरणात त्याच वर्षीच्या व्हर्दूंच्या लढाईने सोमला झाकून टाकले. आणि हिंदी सैनिक? 14 जुलैच्या संध्याकाळी हाय वुड नावाच्या रानाजवळच्या उभ्या पिकातून भाले सरसावून डेक्कन हॉर्स या हिंदी घोडदळाच्या रेजिमेंटचे स्वार दौडले. त्यांचे त्या दिवशीचे छायाचित्र पुष्कळ पुस्तकांत दिसते, पण मजकुरात बहुधा एखादा परिच्छेद, तोही घोडदळाच्या कालबाह्यतेचा दाखला म्हणून. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांपैकी जी आज वाचायला मिळतात, ती मुख्यतः सेन्सॉरने उतरवून घेतलेल्या इंग्रजी उताऱ्यांच्या रूपात. त्यामुळे त्या स्वारांच्या तोंडून लढाई सांगणारे पुस्तक लिहायचे म्हटले, तरी साधनच तुटपुंजे आहे.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून माझे मत सांगतो. 1 जुलै हा ब्रिटिशांचा दारुण पराभव होता. सप्टेंबरअखेरपर्यंत मात्र जर्मन सैन्याची मुरलेली फळी झिजत गेली होती, आणि 1917 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन आपण होऊन मागे तयार केलेल्या हिंडेनबर्ग रेषा नावाच्या बचावफळीवर हटले, यात सोमच्या झिजेचा वाटा मोठा होता. म्हणून मी या लढाईला फार महाग पडलेला, अर्धवट विजय म्हणतो; विल्यम फिलपॉट यांचे 2009 सालचे पुस्तक याहून बरेच पुढे जाऊन विजयावर भर देते, तिथवर मी जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चिखलात लढाई आणखी दीड महिना रेटण्याला कोणत्याही लेखकाने मला पटेल असे कारण दिलेले नाही. मिडलब्रुक वाचून झाल्यावर प्रायर-विल्सन घ्या, आणि जर्मन खंदकातली बाजू शेल्डन यांच्याकडून ऐका. फिलपॉट सर्वांत शेवटी.