आबांच्या चाकूची मूठ

तासगावकडं आमची द्राक्षबाग आहे, आणि बागेपेक्षाही जुना आहे तो आबांचा घडीचा चाकू. गावातल्या लोहाराकडून करून घेतलेला, मूठ शिसवाची, अखंड एकाच लाकडाची, मधे खाच पाडलेली आणि पातं एका पिनीवर फिरणारं. कलमं भरायला आबा दुसरं काही हातात घेतच नसत. मुठीवर अंगठा टेकून टेकून एक खळगा पडलाय, तिथं शिसव काळंभोर आणि गुळगुळीत झालंय. एका सुतारानं विचारलं, हे घासून सपाट करून देऊ का, तर मी चाकू लगेच परत मागून घेतला. ती खराबी नाही हो, तो आबांचा हात आहे.

पण जुलैत माझ्याकडनं जे झालं ते वेगळं. सुतळी कापली, चाकू मिटला आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवून विसरलो, वर तीन दिवस पावसाची झड. सापडला तेव्हा पातं उघडेना. मी घाईला आलेलो, पक्कड लावली आणि ओढलं, पातं निघालं पण पिनीजवळची नखाएवढी ढलपी उडाली आणि तिथनं बोटाच्या पेराएवढी चीर गेली. दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

लाकूड पाणी पिलं की आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच, म्हणून खाच आवळते आणि पातं चिमटीत धरल्यासारखं अडकतं. फ्रान्सच्या साव्हॉय भागात 1890 पासून ओपिनेल चाकू बनतात, त्यांची मूठही अशीच अखंड, बहुतेक बीच लाकडाची, आणि ती ओली झाली की हेच होतं. तिकडचे लोक पक्कड लावत नाहीत, मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, त्या झटक्यानं पात्याचं टोक जरा वर येतं, मग बोटानं उघडायचं. हे मला आधी माहीत असतं तर!

नशिबानं ढलपी सापडली. चाकू आठ दिवस घरात सावलीला ठेवला, उन्हात अजिबात नाही, कारण उन्हात बाहेरचं लाकूड आधी आकसतं, आतलं तसंच ओलं राहतं आणि चीर वाढते. मग अरल्डाइट कालवून काडीनं चिरेत भरलं, ढलपी रेषेला रेष जुळवून बसवली, आणि वरनं कलमाचीच प्लॅस्टिकची पट्टी गच्च गुंडाळली, जशी डोळकाडीला, म्हणजे खुंटावर बसवलेल्या कलमाच्या काडीला, गुंडाळतो तशीच. दुसऱ्या दिवशी सोडली, जोडापुरता बारीक पॉलिश पेपर फिरवला, खळग्याला हात लावला नाही. शेवटी जवसाचं तेल, अगदी पातळ हात, पुसून काढायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, परत एक हात, असे तीन. आणि तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना आतल्या आत तापतं आणि पेट घेऊ शकतं, दोरीवर पसरून टाका.

ऑगस्टच्या शेवटाला डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटांवर कलमं भरायला तोच चाकू घेतला. जोडाची रेष दिसते, पण नख फिरवलं तर अडकत नाही. आईनं हातात घेऊन बघितला, अंगठा खळग्यात ठेवला आणि बराच वेळ परत दिलाच नाही.