जादूच्या प्रयोगाला गेलो आणि हिरमोड झाला, तुम्ही जाणार असाल तर हे वाचून जा

परवा घरच्यांना घेऊन जादूचा प्रयोग बघून आलो. लहानपणापासून जादू म्हणजे माझा जीव की प्राण, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

आधी वेळ टळून गेली तरी पडदा उघडेना, नुसतं कानठळ्या बसवणारं म्युझिक. मग जादूगार आले आणि जे आयटम उरकत सुटले ते थांबायचं नावच नाही, कबुतर, रुमाल, पेटीतून मुलगी सगळं धडाधड. अहो पेटी रिकामी आहे हे धड बघूच दिलं नाही तर त्यातून कोणी बाहेर आल्याचं नवल काय वाटणार? एकमेकींत अडकणाऱ्या आणि सुटणाऱ्या कड्यांच्या खेळात कड्या प्रेक्षकांच्या हातात द्यायच्या, ओढून बघा म्हणायचं, अर्धी मजा तिथेच असते. इथे एकही कडी खाली आली नाही आणि एका कडीवरचा अंगठा शेवटपर्यंत जागचा हलला नाही, माझ्या मुलीने पण ते बरोबर हेरलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते करवतीने मुलीचे दोन तुकडे करून तिला परत अख्खी दाखवायच्या आयटमचं. सेल्बिट नावाच्या इंग्रज जादूगाराने 1921 मध्ये लंडनला हा लोकांसमोर केला तेव्हापासून तो चालत आलाय. बंगालचे जादूगार पी. सी. सरकारांनी 1956 ला बीबीसीवर केला तेव्हा मुलगी उठायच्या आतच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या लोकांनी फोन करकरून हैराण केलं. एवढा दम आहे त्यात! पण आधी काळजात धस्स व्हायला हवं ना, इथे करवत फिरली काय नि मुलगी हात हलवत उभी राहिली काय, टाळ्या वाजवायच्या की नाही तेच लोकांना कळेना.

लोट्याचा आयटम मात्र छान झाला. वॉटर ऑफ इंडिया म्हणतात तो, लोटा पूर्ण रिकामा करून ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने त्यातून परत पाणी ओतायचं. सामान काही नाही, घाई नाही, आणि तरी लोक त्याचीच वाट बघत होते.

आता जाणाऱ्यांसाठी. तिकीट काढताना मधल्या ब्लॉकचीच सीट घ्या, अगदी पुढची नको, चारपाच रांगा सोडून. आम्ही डाव्या टोकाला होतो, तिथून पेटीमागची हालचाल आणि विंगेतला माणूस सरळ दिसत होता, मोठे आयटम समोरून बघायच्या हिशोबानेच बसवलेले असतात. जाहिरातीचा व्हिडिओ बघून ठरवू नका, प्रेक्षकांनी मोबाईलवर काढलेला एखादा शोधा. ट्रिक कळली तरी ओरडून सांगू नका प्लीज, मागच्या पोरांचा विरस होतो. आणि स्टेजवर बोलावलेल्यांची टिंगल करतात का ते जाऊन आलेल्या कोणाला तरी विचाराच, आमच्या शोत एका छोट्या मुलाला इतकं चिडवलं की तो रडवेला होऊन खाली आला, ते अजिबात आवडलं नाही. तुमचं मूल लाजरं असेल तर त्याला कडेच्या खुर्चीवर बसवू नका, पोरं बहुतेक तिथूनच उचलतात.