डुब्रोवनिकला जाताय? तटबंदी आधी चाला, बाकीचं नंतर

क्रोएशियाला जाणारे बरेच जण डुब्रोवनिकला अर्धा दिवस देतात, स्त्रादुनवर, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर, फोटो काढून पुढे निघतात. प्लीज असं करू नका, दोन रात्री तरी राहा.

सकाळी जुन्या शहराभोवतीचा तट उघडल्या उघडल्या वर चढा, कारण नंतर क्रूझची गर्दी येते आणि वर सावली जवळपास नाहीच. घेर १९४० मीटरचा आहे, वाट एकाच दिशेनं जाते त्यामुळे उलटं फिरता येत नाही. जमिनीकडची भिंत कुठे कुठे ६ मीटर जाड आणि समुद्राकडची त्याच्या निम्मी, हे चालताना लक्षात येतं. मिन्चेता बुरुजावरून कौलं नीट बघा: फिकट ती जुनी, लालभडक ती नवी. युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२च्या वेढ्यात इथे तोफगोळे पडले, ६ डिसेंबर १९९१ ला तर सगळ्यात जास्त, आणि शहर १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत असूनही कोणी दयामाया दाखवली नाही. कुठे गोळे पडले, कुठली घरं जळली त्याचा नकाशा पिले दरवाजाजवळ लावलाय, तो आधी वाचूनच वर जा.

पण मला खरं कौतुक वाटलं ते इथल्या व्यापाऱ्यांच्या राजकारणाचं. नुसत्या भिंतींच्या जोरावर डुब्रोवनिकचं हे छोटंसं प्रजासत्ताक १३५८ ते १८०८ टिकलं नसतं, ऑटोमन सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी भरायची आणि त्याच्या मुलखात बिनधास्त व्यापार करायचा असा त्यांचा हिशोब होता. घरातही तीच सावधगिरी: रेक्टर म्हणजे राज्याचा प्रमुख फक्त एक महिन्यासाठी, तेवढा काळ त्यानं महालातच राहायचं, म्हणजे कोणी डोईजड व्हायला नको! १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवायचा कायदाही यांनीच केला. शेवटी नेपोलियनच्या फौजेनं हे राज्य संपवलं.

शहराचा रक्षणकर्ता मानल्या जाणाऱ्या संत व्लाहोच्या चर्चमध्ये नक्की जा. तिथल्या चांदीच्या मूर्तीच्या हातात शहराचं इवलंसं मॉडेल आहे, १६६७ च्या भूकंपाआधीचं, म्हणजे जे शहर आता उरलंच नाही ते. आपल्या जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं, पोर्तुगीज नावानं साव ब्राझचं, चर्च आहे, गोव्याला गेलात तर तेही बघा. फ्रान्सिस्कन मठातलं १३१७ चं औषधाचं दुकानही चुकवू नका.

आता कामाचं. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि युरो चालतो, शेंगेन व्हिसा पुरतो. शेंगेनबाहेरच्या शेजारच्या मॉन्टेनेग्रोला जाऊन परत यायचं असेल तर मात्र मल्टिपल एन्ट्री घ्या. स्प्लिटहून येताना २०२२ च्या पेल्येशात्स पुलावरून आलात तर बॉस्नियाची बॉर्डर लागत नाही. तट आणि म्युझियम दोन्ही बघणार असाल तर डुब्रोवनिक पास घ्या, सुटं तिकीट महाग पडतं. गावात पायऱ्याच पायऱ्या आहेत, आईवडील सोबत असतील तर खोली बुक करताना किती पायऱ्या ते विचाराच. पाणी विकत घेऊ नका, ओनोफ्रिओच्या कारंजाचं पाणी पिता येतं, बाटली तिथेच भरून घ्या. लोव्रियेनात्स किल्ला तटाच्या तिकिटातच येतो, तिकीट जपून ठेवा.