बालाजीच्या पुढे दोन तास: ईरीची फेरी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला बालाजीच्या दर्शनाला आलेली मंडळी सहसा तिथूनच माघारी फिरतात. 2024 च्या ऑक्टोबरात, अध्यक्षपदाच्या मतदानाला दोन आठवडे असताना, आम्ही मात्र आय-79 महामार्ग धरून सरळ वर, सरोवराकाठच्या ईरी शहराला गेलो. शाकाहारी असाल तर देवळाच्या कॅन्टीनमधून पुळिहोरा (चिंचेचा भात) बांधून घ्या. पुढे पेपरोनीचंच, म्हणजे मांसाच्या सॉसेजचंच, राज्य आहे. गाडीच न्या. रेल्वे दिवसातून एक, आणि पश्चिमेकडे जाणारी तर मध्यरात्रीनंतर येते.

ईरी काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) ओबामांना दोनदा निवडलं, 2016 ला ट्रम्पना, 2020 ला बायडनना. शेवटच्या दोन्ही वेळी फरक दोन हजार मतांच्या आत. मोटेलवरच्या टीव्हीत जाहिरातींचा नुसता भडिमार! पुन्हा निवडून यायला उभे असलेले इथले डेमोक्रॅट सिनेटर बॉब केसी कंपन्यांच्या नफेखोरीवर तुटून पडलेले, ट्रम्प आयातकराचं गाजर दाखवत होते, आणि टिपवरचा कर माफ करायला तर दोन्ही बाजू तयार.

ईरीला लागूनची लॉरेन्स पार्क ही वस्ती चुकवू नका. रेल्वे इंजिनांचा तो जुना जीईचा (जनरल इलेक्ट्रिकचा) कारखाना 2019 पासून वॅबटेक कंपनीकडे आहे. तिथल्या एका डायनरमध्ये (या भागात स्पेलिंगच्या शेवटी ई-आर नाही, ओ-आर लिहितात) काउंटरला बसा, टेबल घेऊ नका. मत कुणाला, असं विचारलं की माणूस मिटतो; भाव विचारा, तासभर बोलेल.

शेजारी एक निवृत्त कामगार होता. आम्ही भारतातले कळल्यावर म्हणाला, "तुमची पहिली इंजिनं आम्हीच केली." भारतीय रेल्वेने जीईकडून घेतलेल्या डिझेल इंजिनांबद्दल ते खरंच होतं, नंतरची बिहारच्या मढौऱ्यात बनू लागली. आयातकर त्याला हवा होता, पण "इथली इंजिनं बाहेर विकायची, तेव्हा समोरच्याने कर लावला तर?" असंही तोच म्हणाला. ओबामांना दोनदा मत दिलेला गडी. कंपन्यांना शिव्या घालणारे त्याला अजूनही आवडतात, फक्त आता दोन्ही पक्ष घालतात. "अंडी कुणाच्या राज्यात महागली, ते मला माहीत आहे," म्हणत त्याने बशी पुसून घेतली.

माझ्या मते केसींचं गणित इथेच चुकलं. भाषण पटत होतं, पण सत्तेत त्यांचाच पक्ष होता. काउंटी ट्रम्पकडे गेली आणि केसी राज्यभरात जेमतेम पंधरा हजार मतांनी पडले.

सरोवरात शिरलेल्या प्रेस्क आईल उद्यानाला प्रवेश फुकट आहे, सूर्यास्त तिथूनच बघा. कपड्यांवर या राज्यात विक्रीकर नाही, तेव्हा थंडीचं जाकीट इथेच घ्या. नोव्हेंबरनंतर गेलात तर डिकीत फावडं हवंच. सरोवरावरून येणारा बर्फ रात्रीत गाडी गाडून टाकतो.